थंड प्रदेशातील घराची काँक्रीटची जमीन : नवी घालताना, जुनी बदलताना



"घर पाहावं बांधून आणि लग्न पाहावं करून" ही म्हण ऐकत आपण मोठे झालो. अमेरिकेत घर बहुधा बांधलेलेच विकत मिळते, त्यामुळे म्हणीचा पहिला भाग आपल्याला लागू नाही असे वाटते. पण राहायला गेल्यावर पाच-दहा वर्षांत एकेक काम निघतेच. छप्पर, फर्नेस, खिडक्या यांची माहिती मित्रमंडळींकडून सहज मिळते. काँक्रीटच्या जमिनीबद्दल मात्र कोणाला विचारावे ते कळत नाही. बेसमेंटमध्ये कार्पेटखाली ओल येते, गराजच्या जमिनीचे पोपडे निघतात, ड्राइव्हवेचा एखादा तुकडा दर हिवाळ्यात वर उचललेला दिसतो. आणि कंत्राटदार घरी आला की तो म्हणेल त्याला आपण मान डोलावतो.

या लेखात मिनेसोटातील, म्हणजे मिनियापोलिस-सेंट पॉल भागातील घरे डोळ्यांसमोर ठेवून ही माहिती एकत्र दिली आहे. शिकागो, मिलवॉकी, टोरांटो येथील मंडळींनाही त्यातले बरेचसे लागू पडेल. नियमांचे आकडे मात्र आपापल्या गावाचे पाहावेत. मी व्यवसायाने सॉफ्टवेअरमधला आणि शिक्षणाने इंजिनिअर. बांधकामाची कंत्राटे घेणारा नव्हे. त्यामुळे काँक्रीट स्वतः कसे ओतावे हे शिकवण्याचा हेतू नाही. काम करून घेताना काय विचारायचे आणि काय लिहून घ्यायचे, एवढे कळावे म्हणून हा लेख आहे.

मुख्य मुद्दा आधीच सांगतो. थंड प्रदेशात काँक्रीटची जमीन टिकणार की नाही, हे तीन गोष्टींवर ठरते: तिच्या खाली काय घातले आहे, मिश्रणात काय आहे, आणि पहिल्या आठवड्यात तिला ऊब व ओल मिळाली की नाही. काम संपल्यावर यातली एकही गोष्ट डोळ्यांना दिसत नाही आणि नंतर बदलताही येत नाही. आमच्या सॉफ्टवेअरसारखे इथे पुढच्या आठवड्यात पॅच पाठवता येत नाही. म्हणून या तिन्ही गोष्टी काम सुरू होण्यापूर्वी कागदावर यायला हव्यात.

आपला कोबा आणि इथला स्लॅब

प्रथम शब्दांचा घोळ. महाराष्ट्रात "आज स्लॅब आहे" म्हटले की छत ओतायचे असते. इथे स्लॅब म्हणजे मातीवर थेट टेकलेली काँक्रीटची जमीन. आपल्याकडचा त्याला जवळचा शब्द म्हणजे कोबा. कोबा करताना आधी मुरमाची भर, त्यावर दगडांचे सोलिंग, पाणी मारून धुम्मसाने ठोकणे आणि मग वरचा थर, हा क्रम ज्यांनी गावाकडे पाहिला असेल त्यांना इथल्या कामाचे तत्त्व पटकन कळेल.

काळ्या मातीवर थेट जमीन करत नाहीत, हेही आपल्याला ठाऊक आहे. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि वरचे बांधकाम हलवते. इथेही माती हलते, पण ती हलवणारा वेगळा आहे. तो म्हणजे बर्फ.

थंडी काँक्रीटला काय करते?

१) खालची माती वर उचलते. पाणी गोठले की त्याचे आकारमान सुमारे ९ टक्क्यांनी वाढते. पण खरा उपद्रव त्याहून मोठा आहे. बारीक कणांच्या मातीत गोठलेला थर खालचे पाणी वर ओढत राहतो, जसे दिव्यातली वात तेल ओढते. मग मातीत बर्फाचे पापुद्रे तयार होतात आणि जाड होत जातात. त्यांच्यावरची जमीन वर येते. याला फ्रॉस्ट हीव्ह म्हणतात. त्यासाठी तीन गोष्टी एकत्र याव्या लागतात: गाळाची माती, पाणी आणि गोठवणारी थंडी. यांतली एक काढून घेतली की हीव्ह थांबते. थंडी आपल्या हातात नाही. म्हणून माती बदलायची, पाणी दूर न्यायचे किंवा इन्सुलेशन घालायचे. मिनेसोटात घराच्या पायाची खोली याच हिशेबाने ठरलेली आहे: राज्याच्या दक्षिण भागात, ट्विन सिटीजसह, ४२ इंच आणि उत्तर भागात ६० इंच. ड्राइव्हवे आणि पॅटिओ यांना असा खोल पाया नसतो, म्हणून तेच आधी हलतात.

२) काँक्रीटच्या आतले पाणी गोठते. काँक्रीटला डोळ्यांना न दिसणारी छिद्रे असतात. त्यांत मुरलेले पाणी हिवाळ्यात अनेकदा गोठते आणि वितळते. पृष्ठभागाचे पोपडे निघतात ते यामुळे. रस्त्यावर टाकलेले मीठ त्यात भर घालते.

३) ओले काँक्रीट घट्ट व्हायला वेळ लागतो. सिमेंट "वाळते" असे आपण म्हणतो, पण प्रत्यक्षात त्याची पाण्याशी रासायनिक क्रिया होत असते. तापमान १० अंश सेल्सिअसने उतरले की ही क्रिया साधारण निम्म्या वेगाने होते. ५०० पीएसआयइतकी ताकद येण्याआधी काँक्रीट एकदा जरी गोठले, तरी त्याची ताकद कायमची घटते.

तीन जमिनी, तीन गरजा

बेसमेंट : वरून छप्पर, आतून ऊब. त्यामुळे हिच्या खालची माती सहसा गोठत नाही. हिचे शत्रू म्हणजे ओल आणि रेडॉन वायू.

गराज : बहुधा गरम केलेले नसते. गाडीच्या चाकांबरोबर आलेला मिठाचा चिखल रात्रभर इथेच वितळतो. म्हणून छप्पर असूनही हिला उघड्यावरच्या जमिनीसारखेच धरावे. पाणी दाराकडे किंवा नाल्याकडे जाईल असा उतारही हवा. दर फुटाला एक अष्टमांश इंच हा नेहमीचा उतार.

ड्राइव्हवे, पॅटिओ, पायऱ्या : ऊन, पाऊस, बर्फ, मीठ सगळे सोसणाऱ्या. इथे मिश्रणात जराही तडजोड नको.

एक सूचना डिसेंबर-जानेवारीत भारतात जाणाऱ्यांसाठी. घर महिनाभर बंद असताना हीटिंग पूर्ण बंद केले तर पाइप फुटतात, हे सर्वांना माहीत असते. पण बेसमेंट गोठू दिले तर जमिनीखालची आणि पायाखालची मातीही गोठू शकते. थर्मोस्टॅट उतरवावा, बंद करू नये.

दुरुस्ती की नवी जमीन?

प्रत्येक भेग म्हणजे संकट नव्हे. काँक्रीट घट्ट होताना आकसते, त्यामुळे केसासारख्या बारीक भेगा जवळजवळ प्रत्येक जमिनीत असतात. पाहायचे ते असे:

- भेगेच्या दोन्ही बाजू एकाच पातळीवर आहेत का? बोट फिरवल्यावर एक बाजू उंच लागली, तर खालची माती हलली आहे. वरून कितीही भरले तरी ती भेग परत येणार.
- भेग वाढते आहे का? दोन्ही टोकांना पेन्सिलीने खूण करून तारीख लिहा आणि एक पूर्ण वर्ष पाहा. हिवाळा आणि उन्हाळा दोन्ही त्यात यायला हवेत.
- स्लॅब खचला आहे, पण अखंड आहे का? मग त्याला भोके पाडून खाली सिमेंटचे पातळ मिश्रण किंवा फुगणारा फोम भरून तो वर उचलता येतो. नव्या जमिनीपेक्षा हे बरेच स्वस्त पडते. मात्र पाणी जिथून येते ते आधी थांबवायला हवे.
- ओल खालून येते की हवेतून? दीड फूट लांब-रुंद प्लास्टिकचा तुकडा चारही कडांनी चिकटवून किमान १६ तास ठेवा. खालच्या बाजूला पाणी दिसले किंवा काँक्रीट काळपट झाले, तर ओल जमिनीतून येते आहे. वर कोरडे आणि खालीही कोरडे असेल, तरी खात्री करायला ही चाचणी निरनिराळ्या ऋतूंत करावी.

बेसमेंटमधल्या पाण्याचे मूळ पुष्कळदा घराबाहेर असते: तुंबलेले गटर, भिंतीपाशीच पाणी सोडणारे पाइप, घराकडे उतरणारे अंगण. हे दुरुस्त करायला थोडेच पैसे लागतात. जमीन फोडण्याचा निर्णय त्यानंतर एक पावसाळी हंगाम पाहून घ्यावा.

फोडण्यापूर्वी

वजनाचा अंदाज घेऊ. २४ फूट बाय २४ फूट गराजची ४ इंच जाडीची जमीन म्हणजे १९२ घनफूट काँक्रीट. घनफुटाला सुमारे १५० पौंड धरले तर २८,८०० पौंड, म्हणजे जवळपास १३ मेट्रिक टन राडारोडा. तो कोण उचलणार, कुठे टाकणार आणि ट्रकच्या वजनाने ड्राइव्हवे खराब झाला तर जबाबदारी कोणाची, हे आधी ठरवा.

मग पुढच्या गोष्टी:

- खणण्यापूर्वी ८११ क्रमांकावर फोन करणे. ही सेवा मोफत आहे. गॅस, वीज, पाणी यांच्या कंपन्या येऊन आपापल्या लाइनी रंगाने आखून जातात. मात्र मीटरच्या पलीकडच्या, तुमच्या मालकीच्या लाइनी त्या आखत नाहीत.
- जुन्या बेसमेंटमध्ये ९ इंच बाय ९ इंच आकाराच्या टाइल्स किंवा त्यांखालचा काळा डिंक दिसला, तर त्यात अॅस्बेस्टॉस असण्याची शक्यता मोठी असते. प्रयोगशाळेत नमुना तपासल्याशिवाय खरवडू नये.
- काँक्रीट कोरडे कापू देऊ नये. त्या धुळीत सिलिका असते आणि ती फुप्फुसांत बसते. बांधकामासाठीचा ओशाचा सिलिकाविषयक नियम सप्टेंबर २०१७ पासून लागू आहे. पाणी मारत कापणे किंवा करवतीलाच व्हॅक्यूम लावणे हे त्यावरचे उपाय. फर्नेसची हवा खेचणारी तोंडे त्या काळात बंद करून झाकावीत, नाहीतर धूळ प्रत्येक खोलीत पोहोचते.
- बेसमेंटची सगळी जमीन एकदम फोडू नये. बाहेरची माती बेसमेंटच्या भिंतींना सतत आत ढकलत असते आणि भिंतीच्या तळाला अडवून धरण्याचे काम बऱ्याच घरांत ही जमीन करते. ती पूर्ण काढली तर भिंतीचा तळ आत सरकू शकतो, विशेषतः वसंतात माती चिंब असताना. पट्ट्यापट्ट्यांनी फोडणे आणि ओतणे सुरक्षित. भिंतीच्या पायाच्या पातळीखाली खणायचे असेल किंवा मधल्या खांबांजवळ काम असेल, तर आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा.
- शहराच्या इन्स्पेक्शन खात्यात परमिटची चौकशी स्वतः करा. गावागणिक नियम वेगळे असतात.

खालची तयारी

बेसमेंटसाठी खालून वर असा क्रम असतो:

१) ठोकून घट्ट केलेली माती. मऊ जागा खणून काढून भरायच्या. गोठलेल्या मातीवर काँक्रीट कधीही ओतायचे नाही. वसंतात ती वितळते, कुठे कमी कुठे जास्त खचते, आणि स्लॅब अधांतरी राहतो.

२) ४ इंच स्वच्छ खडी. हिच्यात बारीक माती नसते, त्यामुळे पाणी वर चढत नाही आणि खालून वाहून जाऊ शकते. ओल असलेल्या घरात भिंतीच्या कडेने याच थरात छिद्रांचा पाइप, म्हणजे ड्रेन टाइल, टाकून पाणी संप पंपाकडे नेतात.

३) इन्सुलेशन. साधारण २ इंच जाडीचा एक्सपीएस फोम सुमारे आर-१० देतो. हिवाळ्यात अनवाणी चालता येईल अशी जमीन हवी असेल, तर नंतर कार्पेट घालण्यापेक्षा हा फोम उपयोगी. उन्हाळ्यात थंड काँक्रीटवर जो घाम धरतो तोही याने कमी होतो. जमिनीतून गरम पाण्याचे पाइप फिरवायचे असतील तर तेही आत्ताच. ही कल्पना नवी नाही: विस्कॉन्सिनमधल्या मॅडिसन शहरात फ्रँक लॉइड राइट यांनी १९३७ साली बांधलेल्या जेकब्स हाउसमध्ये काँक्रीटच्या जमिनीखालूनच ऊब दिली होती.

४) प्लास्टिकचा व्हेपर रिटार्डर. इंटरनॅशनल रेसिडेन्शियल कोडमध्ये आधी किमान ६ मिल जाडी होती. २०२१ च्या आवृत्तीत ती १० मिल झाली. जोड किमान ६ इंच एकमेकांवर यावेत. पाइपांभोवती ते टेपने बंद करावे.

५) त्यावर काँक्रीट. कोड किमान साडेतीन इंच म्हणतो. प्रत्यक्षात ४ इंच मागावे. गराजमध्ये जड गाडी ठेवायची असेल तर ५ इंच. वाकण्याला होणारा विरोध जाडीच्या वर्गाप्रमाणे वाढतो, म्हणून ४ चे ५ इंच केले तर काँक्रीट २५ टक्के जास्त लागते, पण ताकद सुमारे ५६ टक्के वाढते.

आता रेडॉनबद्दल. हा मातीतून येणारा किरणोत्सारी वायू रंगहीन आणि गंधहीन असतो. धूम्रपानानंतर फुप्फुसाच्या कर्करोगाचे हे दुसऱ्या क्रमांकाचे कारण असल्याचे अमेरिकेची पर्यावरण संस्था ईपीए सांगते. लिटरला ४ पिकोक्युरी किंवा जास्त आढळल्यास उपाय करावा, असा तिचा सल्ला आहे. मिनेसोटात जून २००९ पासून बांधलेल्या नव्या घरांत रेडॉनसाठी पाइपची सोय सक्तीची आहे. त्याआधीच्या घरात जमीन फोडलीच असेल, तर खडीत एक टी-जोड ठेवून ३ किंवा ४ इंची पाइप वर काढून घ्यावा. पुढे पंखा बसवायची वेळ आली तर पुन्हा फोडाफोड लागत नाही. आपल्या मुलांचे खेळ, गणपतीची आरास, नाटकाच्या तालमी सगळे बेसमेंटमध्येच चालते. म्हणून नवी जमीन घातल्यावर रेडॉनची चाचणी पुन्हा करावी.

मिश्रण

ताकद पीएसआयमध्ये सांगतात आणि ती २८ दिवसांनंतरची धरतात. आपला भाग कोडच्या दृष्टीने "तीव्र" हवामानात येतो. त्यात किमान आकडे असे आहेत:

- बेसमेंट : २,५०० पीएसआय. बांधकाम चालू असताना घर गरम केलेले नसेल आणि जमीन गोठण्याची शक्यता असेल, तर मिश्रणात हवाही हवी.
- गराज, पोर्च, उघड्या पायऱ्या : ३,५०० पीएसआय आणि ५ ते ७ टक्के हवा.

हे किमान आहे. बाहेरच्या कामाला ४,००० ते ४,५०० पीएसआय मागणे शहाणपणाचे. हवा म्हणजे काय? खास रसायन घालून मिश्रणात अतिसूक्ष्म बुडबुडे तयार करतात. गोठणाऱ्या पाण्याला सरकायला त्यांत जागा मिळते. याला एअर एन्ट्रेनमेंट म्हणतात, आणि थंड प्रदेशात बाहेरच्या काँक्रीटचे आयुष्य मुख्यतः यावर अवलंबून असते.

पाणी आणि सिमेंट यांचे वजनी प्रमाण मिठाला तोंड देणाऱ्या काँक्रीटसाठी ०.४५ पेक्षा जास्त नसावे. इथेच गोम आहे. पातळ काँक्रीट पसरायला सोपे, म्हणून ट्रक आला की कोणीतरी "थोडे पाणी सोड" म्हणतो. एका घनयार्डात एक गॅलन जादा पाणी घातले तर ताकद साधारण १५० ते २०० पीएसआयने घटते. शिवाय आकसणे आणि भेगा वाढतात. पातळपणा हवाच असेल तर तो प्लास्टिसायझर घालून आणता येतो.

सळया किंवा जाळी भेगा पडू देत नाही असा समज आहे. खरे म्हणजे ती पडलेली भेग रुंदावू देत नाही. त्यासाठी जाळी स्लॅबच्या मध्यापाशी किंवा थोडी वर हवी. ती आधारांवर उचलून ठेवली नाही तर तळाला मातीत बसते आणि तिचा काही उपयोग होत नाही.

मागवायचे किती? वरच्या गराजचे १९२ घनफूट भागिले २७ म्हणजे ७.१ घनयार्ड. खालची पातळी सगळीकडे सारखी नसते, म्हणून १० टक्के जादा धरून ८ यार्ड. मोठ्या ट्रकमध्ये एका खेपेत एवढे सहसा मावते.

ओतण्याचा दिवस

मिश्रण तयार झाल्यापासून साधारण दीड तासात ट्रक रिकामा व्हायला हवा, म्हणून माणसे पुरेशी आहेत का ते पाहा. बेसमेंटमध्ये खिडकीतून घसरंडीने किंवा पंपाने काँक्रीट आत आणतात. भिंती आणि खांब यांच्याभोवती लवचिक पट्टी असावी, म्हणजे स्लॅब त्यांना चिकटत नाही आणि स्वतंत्र हलू शकतो.

पृष्ठभागावर पाणी वर आलेले असताना त्यावर थापी फिरवू नये आणि ते सुकावे म्हणून कोरडे सिमेंटही भुरभुरू नये. तसे केले तर वरचा थर कमजोर होतो आणि पुढच्या एक-दोन हिवाळ्यांत त्याचे पोपडे निघतात. बाहेर झाडूचे खरखरीत फिनिश हवे. बर्फात पायही घसरत नाही. हवा असलेल्या काँक्रीटवर पोलादी थापीने चकचकीत फिनिश केले तर वरचा पापुद्रा सुटण्याचा धोका असतो. म्हणून गराजची जमीन आरशासारखी गुळगुळीत हवी असा आग्रह धरू नका. तसे फिनिश हवेच असेल, तर कोड हवा ३ टक्क्यांपर्यंत कमी करू देतो, पण मग ताकद किमान ४,००० पीएसआय लागते.

काँक्रीटला भेग पडणारच. ती कुठे पडावी हे आपण ठरवायचे. त्यासाठी मुद्दाम खाचा पाडतात, त्यांना कंट्रोल जॉइंट म्हणतात. ४ इंच जाडीला दर ८ ते १० फुटांवर, किमान १ इंच खोल, आणि तुकडे शक्यतो चौकोनी. या खाचा दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत कापून व्हायला हव्यात. उशीर केला तर काँक्रीट आपली जागा स्वतः निवडते.

मुले आणि कुत्री-मांजरे त्या दिवशी दूर ठेवा. ओले काँक्रीट तीव्र अल्कलीयुक्त असते आणि त्वचा भाजते. लागल्यास भरपूर पाण्याने लगेच धुवावे.

थंडीत ओतावे का?

शक्य असेल तर बाहेरचे काम मे ते सप्टेंबरमध्ये करावे. मार्च ते मे दरम्यान रस्ते वितळून मऊ झालेले असतात, तेव्हा मिनेसोटात अनेक रस्त्यांवर जड वाहनांना वजनाची मर्यादा असते. ट्रक अर्धा भरून येण्याचा किंवा न येण्याचा संभव असतो. उशिरातली मर्यादा अशी: नव्या काँक्रीटला मीठ आणि गोठण्या-वितळण्याआधी किमान महिनाभर मिळायला हवा.

तरीही थंडीत करावेच लागले, तर अमेरिकन काँक्रीट इन्स्टिट्यूटचे मार्गदर्शन उपयोगी पडते. हवा ४० अंश फॅरनहाइटखाली जाणार असेल तेव्हा थंड हवामानाची काळजी सुरू करायची. घरगुती जाडीच्या स्लॅबसाठी काँक्रीट किमान ५५ अंशांवर हवे आणि संरक्षणाच्या काळात तेवढेच राखायला हवे. प्लँटमध्ये गरम पाणी वापरतात; त्याचा जादा आकार लागतो, तो आधी विचारावा. ओतल्यावर इन्सुलेटेड ब्लँकेट घालतात. ब्लँकेट काढताना काँक्रीट एकदम गार होऊ देऊ नये. पहिल्या २४ तासांत ५० अंश फॅरनहाइटपेक्षा जास्त उतार नको.

लवकर घट्ट व्हावे म्हणून कॅल्शियम क्लोराइड घालतात. ते स्वस्त आहे, पण सळयांना गंज लावते आणि रंगही डागाळतो. जाळी किंवा सळया असतील तर क्लोराइड नसलेले रसायन मागा.

बंद गराज किंवा बेसमेंट गरम ठेवायला धुराडे नसलेला गॅस हीटर लावू देऊ नका. त्यातून निघणारा कार्बन डायॉक्साइड ओल्या काँक्रीटच्या पृष्ठभागाशी क्रिया करतो आणि वरचा थर खडूसारखा भुसभुशीत होतो. त्याहून महत्त्वाचे म्हणजे त्यातून कार्बन मोनॉक्साइडही येतो, आणि वर घरात माणसे झोपलेली असतात.

पाणी मारणे आणि पहिला हिवाळा

आपल्याकडे कोब्यावर गोणपाट टाकून आठवडाभर पाणी मारतात. इथेही तत्त्व तेच: सात दिवस ओल टिकली पाहिजे. उबदार दिवसांत ओले कापड, प्लास्टिक किंवा फवाऱ्याने मारायचे क्युअरिंग कंपाउंड चालते. गोठण्याची शक्यता असेल तेव्हा मात्र पाणी मारू नये, झाकून ठेवावे.

चालायला एक-दोन दिवसांनी, गाडी ठेवायला किमान सात दिवसांनी. थंडीत त्याहून जास्त. बेसमेंटमध्ये लाकडी किंवा व्हिनाइल फ्लोअरिंग घालायचे असेल, तर ढोबळमानाने इंचाला एक महिना धरा आणि दुकानदाराकडून ओलाव्याची चाचणी करून घ्या.

पहिल्या हिवाळ्यात बाहेरच्या नव्या काँक्रीटवर मीठ टाकू नका, वाळू टाका. अमोनियम सल्फेट किंवा अमोनियम नायट्रेट असलेली बर्फ वितळवणारी पावडर कधीच नको, ती काँक्रीट खाते. पूर्ण वाळल्यावर सिलेन किंवा सिलोक्सेनचा आत मुरणारा सीलर लावल्यास मीठ-पाणी कमी शिरते.

कागदावर काय हवे?

"काँक्रीट काढून नवीन घालणे, एवढे डॉलर" एवढ्याच ओळीच्या कोटेशनवर सही करू नका. किमान तीन कोटेशने घ्या आणि सगळ्यांना हीच यादी द्या:

१) काढायची खोली, भरायच्या खडीची जाडी आणि ती ठोकून घेणे
२) इन्सुलेशन, व्हेपर रिटार्डर, रेडॉनचा पाइप
३) स्लॅबची जाडी, पीएसआय, हवेची टक्केवारी, पाणी-सिमेंट प्रमाण
४) सळया किंवा जाळी आणि तिचे आधार
५) खाचांचा नकाशा, फिनिश आणि उतार
६) क्युअरिंग कसे आणि किती दिवस, थंडी पडल्यास काय
७) परमिट कोण काढणार, राडारोडा कोण नेणार
८) वॉरंटीत कोणती भेग धरली आहे, कोणती नाही

ट्रकबरोबर येणारी डिलिव्हरी तिकीट जपून ठेवा. मिश्रणाची माहिती, निघाल्याची वेळ आणि वाटेत घातलेले पाणी यांची नोंद तिच्यावर असते. पुढे वाद झाला तर हाच तुमचा पुरावा. शिवाय खडी, फोम आणि प्लास्टिक घातल्यावर, काँक्रीट येण्यापूर्वी, फूटपट्टी ठेवून फोटो काढा. घर विकतानाही ते उपयोगी पडतात.

मिनेसोटात फक्त काँक्रीटचेच काम करणाऱ्याला राज्याचे निवासी कंत्राटदाराचे लायसन्स लागत नाही. त्यामुळे "लायसन्स आहे का" एवढे विचारून भागत नाही. विम्याचे प्रमाणपत्र थेट विमा कंपनीकडून मागवा आणि तीन-चार हिवाळे काढलेली त्यांची जुनी कामे प्रत्यक्ष पाहा. शेवटचा हप्ता देण्यापूर्वी काँक्रीट पुरवणाऱ्याकडून आणि हाताखालच्या लोकांकडून लीन वेव्हर घ्या. कंत्राटदाराने त्यांचे पैसे दिले नाहीत, तर शेवटच्या कामापासून १२० दिवसांपर्यंत ते तुमच्या घरावर लीन नोंदवू शकतात, तुम्ही पूर्ण पैसे दिलेले असले तरीही.

ही यादी छापून फ्रिजवर लावा आणि कंत्राटदार आला की त्याच्यासमोर ठेवा. जो प्रत्येक ओळीवर शांतपणे उत्तर देतो, त्याच्याशी पुढे बोला. जो "त्याची काही गरज नाही" म्हणतो, त्याला का गरज नाही ते विचारा. कधीकधी कारण बरोबरही असते, उदाहरणार्थ गरम न करणाऱ्या गराजला कोड व्हेपर रिटार्डर सक्तीचा करत नाही. पण ते कारण त्याला सांगता आले पाहिजे.